काका, ते पान मला द्याल का?

कॉमिक्स वाचता वाचता तुमच्या मनात कधी असा प्रश्न आलाय का, की हे चित्र ज्या कागदावर पहिल्यांदा काढलं तो कागद आता कुठे असेल?

तुमच्या हातात असतं ते छापलेलं पुस्तक. त्याच्या हजारो, कधी लाखो प्रती निघतात. एक फाटली तर दुसरी मिळते. पण चित्रकाराने ज्यावर कोपर टेकवून तासन्‌तास काम केलं, खोडलं, पुन्हा काढलं, तो कागद जगात एकच. त्याला मूळ पान म्हणतात. आणि गंमत म्हणजे असं पान पहिल्यांदा पाहिलं की बहुतेकांची निराशाच होते. कारण त्यात रंगच नसतात!

अमेरिकेतल्या सुपरहीरोंच्या कॉमिक्सची मूळ पानं काळी-पांढरी असतात. एक जण पेन्सिलने चित्र काढतो, दुसरा त्यावर शाई फिरवतो, तिसरा फुग्यांमधली अक्षरं लिहितो. रंगांचं काम पूर्वी वेगळ्या कागदावर व्हायचं, आता ते संगणकावर होतं. पान छापील पुस्तकापेक्षा बरंच मोठं असतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून साधारण ११ इंच बाय १७ इंचाचा जाड कागद वापरतात. त्याआधी तर याहूनही मोठा वापरत. जरा जवळ जाऊन पाहा. फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा दिसतील. (हा निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नसे, म्हणून तो खोडायचे कष्ट कोणी घ्यायचं नाही.) कुठे चुकलेल्या नाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. कुठे बदललेलं वाक्य वेगळ्या कागदावर लिहून, कापून वर चिकटवलेलं. समासात संपादकाने खरडलेली सूचना. छापील पानावर नायक गच्चीवरून उडी मारतो तेव्हा किती सहज वाटतं! मूळ पानावर त्याच्या पायाची खाडाखोड दिसते.

या खाडाखोडीसाठीच तर लोक ही पानं जमवतात. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी जमवणारे तुमच्या ओळखीचे असतील. त्यांच्याच जातीचे हे वेडे. फक्त तिकीट जमवणाऱ्याला एक सोय असते: एकाच तिकिटाच्या लाखो प्रती असतात. इथे प्रत एकच, आणि ती आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी घरात, भिंतीवर टांगलेली. त्याला ती विकायचीही नसते.

मग करायचं काय? मागायची! पण कशी मागायची, यातच सगळी मेख आहे.

पानं विखुरली कशी?

आधी थोडा इतिहास, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वी कॉमिक्स छापून झालं की मूळ पानांना कोणी विचारत नसे. छापखान्याचं काम झालं, आता त्या कागदांचं काय लोणचं घालायचं? काही फेकली गेली, काही जाळली गेली, काही पाहुण्यांना वाटली, काही गोदामात पडून राहिली आणि तिथूनही पाय फुटून नाहीशी झाली. चित्रकाराला ती परत द्यायची असतात, हेच मुळी प्रकाशकांना मान्य नव्हतं. १९७० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या पानं परत करू लागल्या. तोवर केवढं तरी गेलं होतं.

जॅक कर्बीचं नाव ऐकलंय? फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन या सगळ्यांच्या जन्मात त्याचा हात आहे. मार्व्हल कंपनीसाठी त्याने दहा हजारांहून जास्त पानं काढली असा अंदाज आहे. आपली पानं परत मिळावीत म्हणून १९८० च्या दशकात त्याला बरीच वर्षं झगडावं लागलं. अखेर १९८७ मध्ये मिळाली ती सुमारे दोन हजार. बाकीची? कोणाच्या कोणाच्या कपाटांत, आणि ती तिथे कशी पोचली हे विचारायची सोय नाही. म्हणूनच शहाणा संग्राहक एखादं जुनं पान घेण्याआधी मालकाला आदराने, पण स्पष्ट विचारतो, “हे तुमच्याकडे कसं आलं?”

पानं परत मिळू लागल्यावर आणखी एक गंमत झाली. एका अंकाची पानं पेन्सिलवाला आणि शाईवाला यांच्यात वाटली जायची; पेन्सिलवाल्याला जास्त, शाईवाल्याला कमी. मग दोघं आपापली पानं विकणार किंवा मित्रांना देणार. म्हणजे एकच गोष्ट, पण तिचं पहिलं पान एका शहरात, दुसरं दुसऱ्या आणि शेवटचं भलत्याच देशात! अशी तुटलेली गोष्ट पुन्हा एकत्र जमवायचा नाद काही जणांना असतो. बावीस पानांची गोष्ट असेल तर एकवीस जमवून बाविसाव्यासाठी ते वर्षानुवर्षं पत्रं लिहीत बसतात. त्या बाविसाव्या पानाच्या मालकाला हे कळलं तर तो काय भाव सांगेल, याची कल्पना करा!

क्वचित मात्र सगळी पानं एकत्र राहतात. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात, १९६२ मध्ये. स्टीव्ह डिटकोने काढलेली त्या अंकाची २४ मूळ पानं कोणीतरी जपून ठेवली होती. २००८ मध्ये त्या व्यक्तीने ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. फुकट, आणि आपलं नावही न सांगता. एकेक करून विकली असती तर केवढी रक्कम आली असती! १९८४ च्या ‘सीक्रेट वॉर्स’ मालिकेतलं माईक झेकने काढलेलं एकच पान, ज्यात स्पायडरमॅनला काळा पोशाख मिळतो, २०२२ मध्ये लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं.

हे आकडे वाचून घाबरू नका. अशी पानं बोटांवर मोजण्याइतकी. मुखपृष्ठाला सर्वांत जास्त भाव, मग पानभर एकच मोठं चित्र असलेल्या पानाला, मग ज्यात नायक आपल्या पोशाखात मारामारी करतोय अशा पानाला. आणि ज्यात नुसती दोन माणसं टेबलाशी बसून बोलतायत, ते पान सर्वांत स्वस्त. मला स्वतःला ही बोलणारी पानं आवडतात. मारामारीत मुठीमागे लपता येतं. नुसत्या बोलणाऱ्या माणसांचे चेहरे काढताना चित्रकाराची खरी परीक्षा होते.

मंडई नव्हे, दिवाणखाना

आता मुद्द्याकडे वळू. समजा, तुम्ही नववीत आहात. तुमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या दिवाणखान्यात एका जुन्या चित्रकथेचं मूळ पान फ्रेम करून लावलंय. चित्रकार त्यांचा मित्र होता, त्याने ते भेट दिलं. आपल्याकडे १९६७ साली अमर चित्रकथा सुरू झाली, १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्स निघत होतं (आई-बाबांना वेताळ आणि बहादूरबद्दल विचारा, अभ्यासाचा एक तास नक्की वाया जाईल), तेव्हा असं पान एखाद्या घरात असणं काही अशक्य नाही. तुम्हाला ते हवंय. भाऊबीज, वाढदिवस, बक्षिसं सगळं मिळून तुमच्याकडे ५,००० रुपये साठलेत.

तुम्ही जाता आणि विचारता, “काका, हे कितीला द्याल?”

झालं! इथेच गाडी घसरली.

का ते सांगतो. मंडईतला भाजीवाला विकायलाच बसलेला असतो. त्याला भाव विचारणं हे तुमचं काम आणि तो सांगणं हे त्याचं. काकांनी दुकान मांडलेलं नाही. त्यांनी त्या पानाची किंमत कधी मनातही आणलेली नाही. तुमच्या प्रश्नाने तुम्ही त्यांच्या गळ्यात एक गृहपाठ मारला: आता शोधा, विचारा, ठरवा. त्यांनी मोठा आकडा सांगितला तर तुम्ही गप्प होणार आणि त्यांना ओशाळं वाटणार. छोटा सांगितला तर रात्री त्यांना झोप येणार नाही, की मी कमी तर नाही ना सांगितलं? म्हणून बरेचसे मालक अशा प्रश्नाला सरळ म्हणतात, “विकायचं नाही.” आणि विषय संपतो.

दुसरी चूक याहून वाईट. “काका, कडा जरा पिवळ्या पडल्यात, हा कोपरा दुमडलाय, हजारात देता का?” भाजी घेताना वांगं किडकं आहे म्हणून भाव पाडतात, ते इथे चालत नाही. ज्या वस्तूला माणसाने दिवाणखान्यात मानाची जागा दिलीय, तिला नावं ठेवून ती मागायची? हात दाखवून अवलक्षण!

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हणही या प्रसंगी जरा बाजूला ठेवा. मूठ उघडायची ती मागणाऱ्यानेच. मी एवढे देऊ शकतो, असा स्पष्ट आकडा पहिल्यांदा तुम्ही सांगायचा. तो असा हवा की मालक क्षणभर थांबून विचार करेल. अमेरिकेतल्या, युरोपातल्या संग्राहकांमध्ये ही रीत चांगली रुळलेली आहे. पान विक्रीला नाही असं ज्याने जाहीर केलंय, त्यालाही पत्र लिहायला हरकत नसते. मात्र पत्रात आकडा हवा आणि तो बाजारभावापेक्षा थोडा वरच हवा. त्याला पैशांची निकड नाही, आणि एकदा गेलं की ते पान त्याला पुन्हा मिळायचं नाही. या दोन गोष्टींची भरपाई आकड्यात दिसावी लागते.

पण बाजारभाव कळणार कसा? त्यासाठी लिलावांचे निकाल पाहायचे. मोठ्या लिलाव कंपन्या ते जाहीर करतात. त्याच चित्रकाराचं, त्याच मालिकेतलं, तशाच प्रकारचं पान अलीकडे कितीला गेलं, हे शोधायचं. मुखपृष्ठाचा भाव बोलणाऱ्या पानाला लावायचा नाही. आणि जाहीर झालेला आकडा विकणाऱ्याच्या खिशात पडतो, असं तर मुळीच समजायचं नाही.

याचं एक नामी उदाहरण आहे. टिनटिन तुम्हाला माहीत असेलच. बेल्जियमचा चित्रकार एर्झे याने १९३६ साली ‘द ब्लू लोटस’साठी एक मुखपृष्ठ रंगवलं. चिनी मातीच्या मोठ्या घड्यात लपलेले टिनटिन आणि त्याचा कुत्रा स्नोई, मागे भला मोठा लाल ड्रॅगन. ते हुबेहूब छापायला फार खर्च येईल म्हणून एर्झेला दुसरं, सोपं चित्र काढावं लागलं. पहिलं चित्र त्याने प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलाला दिलं, त्याने ते घडी घालून खणात ठेवलं, असं त्या घरचे लोक सांगतात. (काही जाणकारांना ही भेटीची कथा पटत नाही. कागदोपत्री पुरावा नसला की असा वाद ८५ वर्षांनीही उभा राहतो, हे ध्यानात ठेवा.) जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते चित्र विकलं गेलं. हातोडा पडला २६ लाख युरोंवर. विकत घेणाऱ्याने प्रत्यक्षात मोजले ३१ लाख ७५ हजार ४०० युरो. मधले पावणेसहा लाख कुठे गेले? लिलाव कंपनीचं शुल्क! शिवाय विकणाऱ्याकडूनही ती बऱ्याचदा दलाली घेते.

आता तुमचं डोकं चालवा. समजा एक पान लिलावात १०,००० रुपयांना गेलं अशी बातमी आली. शुल्क वजा जाता विकणाऱ्याला कदाचित ८,००० च मिळाले असतील. तुम्ही मालकाशी थेट बोलून ९,००० देऊ केलेत, तर तुमचे हजार वाचले आणि त्याला हजार जास्त मिळाले. मधे कोणी नाही. खासगी व्यवहारात दोघांचाही फायदा होऊ शकतो तो असा. मालकाला हे समजावून सांगितलं तर तो तुमच्याकडे घासाघीस करणारा पोरगा म्हणून पाहणार नाही.

आणि पत्र लिहा. समोर उभं राहून मागितलं की माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि घाईचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. पत्र टेबलावर पडून राहतं, काकूंना वाचून दाखवता येतं. साधारण असं:

“आदरणीय काका,
सा. न. वि. वि.
तुमच्याकडचं चित्रकथेचं पान मी गणपतीत आरतीला आले तेव्हापासून पाहते आहे. त्यातलं पुराचं चित्र मला फार आवडतं. पाण्याच्या रेषा जाड ब्रशने आणि माणसं बारीक निबने काढली आहेत, असं मला वाटतं. पान विकायचा तुमचा विचार नाही, हे मला माहीत आहे. तरीही कधी विचार झालाच तर मी ८,००० रुपये देऊ शकेन. त्यातले ५,००० माझ्याकडे आहेत, उरलेले दिवाळीपर्यंत जमतील. पूर्ण पैसे दिल्याशिवाय मी पान नेणार नाही. या चित्रकाराची पानं अलीकडे कितीला गेली, याची मला मिळालेली माहिती सोबत जोडली आहे. आई-बाबांनी हे पत्र वाचलं आहे. तुमचं उत्तर ‘नाही’ असलं तरी मी आरतीला येणारच आहे.”

पाहा, या पत्रात नेमका आकडा आहे. पैसे कसे आणि केव्हा देणार हे आहे. पान का आवडलं हेही आहे, आणि तेही ‘खूप छान आहे’ असं मोघम नव्हे, तर पुराच्या पाण्यापर्यंत जाऊन. मालकाला आपलं पान कोणाच्या हातात जाणार याची काळजी असते. उद्याच दुसऱ्याला विकून नफा कमावणाऱ्याला तो ते देणार नाही. शेवटचं आरतीचं वाक्य तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे काकांना नाही म्हणणं सोपं जातं. नाही म्हणणं सोपं असेल तरच माणूस मोकळेपणाने विचार करतो.

माहिती जोडायचीच का?

तुमच्यापैकी काही हुशार मुलं म्हणतील, ती माहिती कशाला जोडायची? काकांना भाव माहीत नसेल तर आपलंच बरं!

हा प्रश्न टाळून चालणार नाही. समजा तुम्ही शोध घेतलात आणि कळलं, की तसलं पान नुकतंच ४०,००० ला गेलंय. काकांना पत्ता नाही. तुम्ही ८,००० पुढे केलेत तर ते आनंदाने देतीलही. मोठमोठे व्यापारी असं करत आलेत. चित्रकार गेल्यावर त्याच्या घरच्यांकडून पानांचा गठ्ठा रद्दीच्या भावाने उचलायचा आणि एकेक पान भारी किमतीला विकायचं. कायद्याने त्याला चोरी म्हणता येणार नाही. पण मी तरी त्याला हुशारी म्हणणार नाही. ज्या म्हाताऱ्या माणसाने तुम्हाला घरात घेतलं, पाणी विचारलं, त्याच्या अज्ञानावर तुम्ही बत्तीस हजार रुपये कमावलेत, आणि रोज जिन्यात तो तुमच्याकडे पाहून हसणार.

सांगितलंत तर काय होईल? कदाचित पान हातचं जाईल. काका म्हणतील, “अरे बापरे, मग मुलीला विचारतो,” आणि विषय तिथेच थांबेल. हे नुकसान खरं आहे, मी ते लपवत नाही. पण कदाचित असंही होईल की काका म्हणतील, “मला मित्राने फुकट दिलं होतं. तूच घे आठ हजारांना, पण विकू नकोस.” सगळं माहीत असून त्यांनी तसं ठरवलं, तर तो त्यांचा निर्णय. मग तुमच्या मनाला टोचणी नाही.

भेटीच्या पानांवरून आठवलं. हर्ब ट्रिम्प या चित्रकाराने १९७४ साली ‘हल्क’च्या १८० व्या अंकाचं शेवटचं पान काढलं. त्या पानाच्या अखेरच्या चौकटीत वुल्व्हरिन पहिल्यांदाच दिसतो. तेव्हा वुल्व्हरिनला कोण विचारत होतं! १९८३ मध्ये ट्रिम्पने ते पान एका किशोरवयीन मुलाला असंच देऊन टाकलं. त्या मुलाने ते जपलं. २०१४ मध्ये ते लिलावात ६ लाख ५७ हजार २५० डॉलरला गेलं. इतक्या वर्षांनी मोठा झालेल्या त्या मुलाने काय करावं? मिळालेल्या पैशांतला मोठा भाग त्याने ‘हीरो इनिशिएटिव्ह’ला द्यायचं ठरवलं. म्हातारपणी अडचणीत सापडलेल्या कॉमिक्सच्या चित्रकार-लेखकांना मदत करणारी ही संस्था आहे. त्याच्यावर कोणाची सक्ती नव्हती.

हो, नाही आणि बघू

पत्राला उत्तर ‘नाही’ आलं, तर एकदा आभार माना आणि एवढंच विचारा, “कधी विकायचं ठरलंच तर आधी मला सांगाल?” मग गप्प बसा. दर आठवड्याला हजार-हजार वाढवत गेलात तर काकांना वाटेल, पहिला आकडा खोटाच होता. वर्षाने पुन्हा विचारलं तर मात्र चालतं. माणसांच्या गरजा बदलतात, घरं बदलतात, भिंती बदलतात.

काही मालकांना पैसे नकोच असतात. बदल्यात दुसरं पान हवं असतं. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’च्या बिल वॉटरसनने आपली मूळ चित्रं फारशी विकली नाहीत. तीन हजारांहून जास्त चित्रं त्याने ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवली. पण सुरुवातीच्या काळात, १९८६ मधलं स्वतः रंगवलेलं एक चित्र त्याने दुसऱ्या एका व्यंगचित्रकाराशी अदलाबदल करून दिलं होतं. तू तुझं दे, मी माझं देतो! अगदी तुमच्या तिकिटांसारखं. २०१२ मध्ये ते २ लाख ३ हजार १५० डॉलरला विकलं गेलं. त्यामुळे मालकाला काय आवडतं, कोणतं पान तो शोधतोय, हे माहीत असणं पैशांपेक्षाही उपयोगी पडू शकतं.

आणि ‘हो’ आलं तर? मग शब्द फिरवायचा नाही. ८,००० म्हटलं की ८,०००. पान हातात घेतल्यावर “इथे डाग आहे, सात करा” असं म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी दारात उभं करत नाही. डाग पाहायचे ते आधी. आधीच छापील पुस्तक शेजारी ठेवून एकेक रेष जुळते का ते पाहा. भिंग घ्या: छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात, शाईने काढलेल्या रेषेत ते नसतात, उलट खालची पेन्सिल कुठेतरी डोकावते. लोकप्रिय चित्रकारांच्या नकला करून विकणारे महाभाग जगात पुष्कळ आहेत.

आता आई-बाबांसाठी चार ओळी. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे ग्राह्य नसतो. म्हणून पैसे आणि सही मोठ्यांची असावी. एका साध्या कागदावर लिहून घ्या: कोणतं पान, कोणी दिलं, कोणाला, कितीला, कोणत्या तारखेला, आणि मूळ मालकाकडे ते कसं आलं होतं. या शेवटच्या ओळीमुळे पुढे त्या पानाची इभ्रत वाढते. ‘ब्लू लोटस’चा वाद आठवतो ना? आणखी एक: पान विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नाही. कागद तुमचा, पण त्यावरच्या चित्राचे हक्क चित्रकाराकडे किंवा प्रकाशकाकडेच राहतात. टी-शर्टावर छापून विकायची स्वप्नं पाहू नका.

परदेशातून पान मागवणार असाल तर टपालखर्च, विमा आणि कस्टमचा कर आधीच आकड्यात धरा. नाहीतर पोस्टमन दारात उभा आणि तुम्ही कपाटं धुंडाळताय! पान कडक पुठ्ठ्यांच्या मधे सपाट ठेवून पाठवायला सांगायचं, गुंडाळी करून नाही. चित्राला चिकटपट्टीचा स्पर्शही होता कामा नये.

घरी आणल्यावर आपल्याकडचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे लॅमिनेशनचं दुकान. प्रगतिपुस्तक लॅमिनेट करतात तसं कौतुकाने कोणी हे पान लॅमिनेट केलं तर ते कायमचं गेलं. गरम प्लास्टिक पुन्हा निघत नाही. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर ते लावू नका, काही शाया उन्हाने उडतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेव्हा चार महिने पान फ्रेमसकट कपाटात ठेवलेलं बरं. कसर आणि वाळवीवर लक्ष ठेवा. जुन्या पानांवर चिकटवलेले बोलण्याचे फुगे डिंक सुकून गळतात. एखादा गळला तर फेकू नका, पाकिटात घालून पानाच्या मागेच ठेवा. आणि गणपतीत काका आरतीला तुमच्या घरी आले, तर त्यांना बसायला ते पान दिसेल अशी खुर्ची द्या.